नवीन गोल्डफिश टँकचं पाणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोल्डफिश आणल्यावर पहिल्या दीड-दोन महिन्यात जे मासे जातात ना, त्यातले बरेचसे आजाराने नाही तर पाण्याने जातात, आणि तेही घरचे लोक मनापासून काळजी घेत असताना. नीट सांभाळलेला गोल्डफिश दहा-पंधरा वर्षं सहज जगतो. त्यामुळे इथे फक्त पाण्याबद्दल लिहिलंय, खाली जे प्रश्न आहेत ते नवीन टँक लावणारा जवळपास प्रत्येकजण विचारतो.

पाणी तर एकदम नितळ दिसतंय, तरी मासे चार-आठ दिवसात सुस्त का पडतात?

कारण जे मारतं ते दिसत नाही. मासा कल्ल्यांमधून सतत अमोनिया सोडत असतो, त्याची विष्ठा आणि उरलेले दाणे कुजले की अजून अमोनिया होतो, आणि याला ना रंग ना (एवढ्या कमी प्रमाणात) वास. नदी-तळ्यात पाणी प्रचंड असतं आणि अमोनिया खाणारे बॅक्टेरिया दगडा-मातीवर आधीच बसलेले असतात, तुमच्या नव्याकोऱ्या टँकमध्ये मात्र ते जवळपास नसतातच. एका जातीचे बॅक्टेरिया अमोनियाचं नायट्राईट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राईटचं नायट्रेट करतात. अमोनिया कल्ले भाजतो, नायट्राईट रक्तात शिरून ऑक्सिजन वाहून न्यायची ताकदच घालवतं (रक्त अक्षरशः तपकिरी होतं), नायट्रेट त्यामानाने सौम्य आणि पाणी बदललं की कमी होतं. ही सगळी साखळी बसण्याला टँक 'सायकल' होणं म्हणतात. नवीन टँकचं सगळं पथ्यपाणी याच्याभोवती फिरतं.

सायकल व्हायला किती दिवस?

साधारण ४ ते ६ आठवडे, पाणी गार असेल तर जास्त. म्हणजे मे महिन्यात लावलेला टँक डिसेंबरात नाशिकला लावलेल्यापेक्षा लवकर बसतो. आधी अमोनिया चढतो, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तो उतरायला लागतो आणि नायट्राईट वर जातं, लोक इथेच फसतात कारण अमोनिया शून्य दिसला की झालं असं वाटतं आणि अजून चार मासे आणले जातात. दोन्ही शून्य आणि नायट्रेट दिसतंय असं आठवडाभर सलग आलं की मग सायकल झाली समजा.

यात एक गोष्ट मला फार आवडते. १८५० च्या सुमारास लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या केमिस्टने दोन छोटे गोल्डफिश, व्हॅलिसनेरिया (पाण्यात वाढणारी, गवतासारख्या पात्यांची वनस्पती) आणि गोगलगायी एकत्र ठेवून पाणी न बदलता ते टिकतं का याचा प्रयोग केला, आणि पुढे त्याच्याच मुलाने, त्याचंही नाव रॉबर्ट, शेतीच्या संशोधनात अमोनियाचं नायट्रेट दोन टप्प्यात होतं हे दाखवायचं मोठं काम केलं. बापाने टँक लावला आणि आत काय चालतं ते मुलाने उलगडलं.

मासे तर आणून झाले, टँक कालच लावलाय. आता काय करू?

घाबरू नका, पण पुढचा दीड महिना शिस्तीचा आहे. पहिलं म्हणजे टेस्ट किट घ्या, थेंबांचं. अमोनिया, नायट्राईट, नायट्रेट, पीएच (पाणी किती आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा) हे चार लागतात. पट्ट्या स्वस्त पडतात पण कितीतरी पट्ट्यांमध्ये अमोनियाच नसतो आणि आपल्याला सगळ्यात जास्त तोच हवा असतो. किटचे पैसे जास्त वाटतात, पण दुकानात जेवढे पैसे दिव्यावर, किल्ल्यावर आणि रंगीत खड्यांवर जातात तेवढ्यातच ते येतं, आणि मला विचाराल तर खडे राहू देत, किट आधी घ्या.

रोज एकदा अमोनिया आणि नायट्राईट मोजायचं. दोन्हींची बेरीज ०.५ पीपीएमच्या (पीपीएम म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅम) वर गेली की त्याच दिवशी अर्धं पाणी बदलायचं, क्लोरीन काढलेलं, टँकच्या तापमानाचं. पहिले काही आठवडे हे एक दिवसाआड, कधी रोजही करावं लागतं, खास करून टँक छोटा असेल तर. पाणी बदललं तर सायकल लांबते असं सांगणारे भेटतील, पण बॅक्टेरिया पाण्यात तरंगत नसतात, ते फिल्टरच्या स्पंजवर, रेतीवर, काचेवर चिकटलेले असतात, त्यामुळे पाणी बदलून त्यांचं फारसं काही जात नाही. दाणे अगदी कमी, एक दिवसाआड दिले तरी चालतं. नवीन मासा अजिबात नको. एअर पंप चोवीस तास चालू, रात्री आवाज येतो म्हणून बंद करायचा नाही.

आणि ओळखीत कोणाकडे वर्षभर चाललेला निरोगी टँक असेल तर त्यांच्या फिल्टरमधल्या स्पंजचा तुकडा किंवा थोड्या सिरॅमिक रिंग मागून आणा, टँकच्याच पाण्यात भिजवून, वाटेत सुकू न देता, आणि आल्याआल्या आपल्या फिल्टरमध्ये घाला. याच्याइतका वेगवान उपाय दुसरा नाही. बाटलीतले बॅक्टेरिया मिळतात, काही चांगले असतात, पण दुकानात उन्हात पडलेल्या बाटलीत किती जिवंत असतील ते बाहेरून कळत नाही. घातले तरी टेस्ट चालूच ठेवा.

अजून मासे आणले नाहीत, आधीच तयारी करता येते का?

येते, आणि हाच खरा चांगला रस्ता, माशाला काहीच सोसावं लागत नाही. टँक, फिल्टर, पाणी सगळं चालू करायचं आणि बॅक्टेरियाला खायला अमोनिया बाहेरून द्यायचा. शुद्ध अमोनियम क्लोराईड लॅबचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतं, १०० लिटरला साधारण ०.६ ग्रॅम घातलं की २ पीपीएमच्या आसपास अमोनिया होतो. हाच पदार्थ नवसागर म्हणून बाजारात असतो पण त्यात काय मिसळलंय याची खात्री नसते, तो घालू नका. हे नको असेल तर रोज चिमूटभर माशाचे दाणे टाकून कुजू द्या, वेळ जास्त लागतो, वास येतो, पण होतं. २ पीपीएम घातलेला अमोनिया २४ तासांत शून्य, नायट्राईटही शून्य, असं झालं की जमलेलं नायट्रेट काढायला एकदा मोठं पाणी बदला आणि मग मासे आणा.

मुलांना सहा आठवडे रिकामा टँक बघायला लावणं अवघड असतं हे मान्य. त्यांच्याकडून रोज टेस्ट करून घ्या आणि वहीत आकडे लिहायला सांगा, मुलं यात मनापासून रमतात.

टँक किती मोठा हवा? बाउलमध्ये ठेवले तर?

बाउल नको. इटलीत रोम शहराने २००५ मध्ये गोल बाउलवर बंदीच घातली होती. त्यात पाणी कमी, वरचं तोंड लहान म्हणून हवा कमी विरघळते, फिल्टर बसत नाही, आणि गोल्डफिश हा कार्पच्या कुळातला मासा आहे, साधा कॉमेट (लांब शेपटीचा गोल्डफिश) तर फूटभर होऊ शकतो.

हिशोब सोपा आहे, एक घनफूट म्हणजे सुमारे २८ लिटर. दुकानात मिळणारा नेहमीचा दोन फुटी टँक (२ x १ x १) म्हणजे ५६ लिटर, रेती आणि वरची रिकामी जागा सोडली तर पन्नासच्या खाली. ओरांडा, रायुकिन, ब्लॅक मूर असे गोल पोटाचे असतील तर पहिल्याला ७५ लिटर आणि पुढच्या प्रत्येकाला ४० लिटर धरून चला. म्हणजे दोन फुटी टँकला एकसुद्धा खरं तर दाटीवाटीचा आहे. तीन फूट x दीड x दीड म्हणजे १९० लिटर, त्यात तीन आरामात राहतात. मोठा टँक सांभाळायला जड जाईल असं वाटतं ना, उलट आहे, जास्त पाण्यात अमोनिया हळू चढतो आणि तुम्हाला सावरायला वेळ मिळतो.

घरी वास्तूसाठी आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ ठेवायचेत, जमेल का?

श्रद्धेचा भाग तुमचा, पाण्याचा हिशोब मात्र वरचाच. नऊ गोल्डफिश म्हणजे चारशे लिटरच्या आसपास टँक आणि तसाच दणकट फिल्टर. तेवढी जागा नसेल तर कमी मासे ठेवा. दोन फुटी टँकमध्ये नऊ घातले तर आठवड्याला एक जातो आणि घरात सगळ्यांच्या मनाला लागतं.

नळाचं पाणी डायरेक्ट घालू का?

नाही. महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते आपल्यासाठी गरजेचं आहे पण माशाचे कल्ले आणि फिल्टरमधले बॅक्टेरिया दोन्ही त्याने मरतात. पसरट तोंडाच्या बादलीत किंवा टबात २४ तास उघडं ठेवलं, त्यात एअर स्टोन (एअर पंपाच्या नळीला लावायचा, बुडबुडे सोडणारा दगड) सोडला, तर क्लोरीन निघून जातं. घाई असेल तर अँटीक्लोरीन, दुकानात थेंब किंवा खडे मिळतात, बहुतेक वेळा ते सोडियम थायोसल्फेट म्हणजे हायपोच असतं, पाकिटावरच्या प्रमाणात बादलीत आधी मिसळून मगच टँकमध्ये ओता. परदेशात असाल तर आपल्या पाण्यात क्लोरामाईन (क्लोरीन आणि अमोनिया मिळून झालेलं रसायन) आहे का ते बघून घ्या, अमेरिकेत बऱ्याच शहरांत असतं, ते एका दिवसात उडून जात नाही, आणि नुसत्या हायपोने त्यातलं क्लोरीन गेलं तरी अमोनिया मागे राहतो, त्यासाठी अमोनियाही बांधून ठेवणारा कंडिशनर लागतो.

दोन गोष्टी आपल्याकडच्या खास. पावसाळ्यात धरणाचं पाणी गढूळ येतं म्हणून क्लोरीनचा डोस वाढतो, नळाला वास आला की समजायचं, त्या दिवसांत जास्त काळजी. आणि सोसायटीची टाकी धुतली की ब्लीचिंग पावडर वापरतात, नोटीस बोर्डावर टाकी सफाईची तारीख दिसली की त्याच्या आदल्या दिवशी पाणी भरून ठेवा आणि नंतरचे दोन दिवस नळाचं पाणी टँकला लावू नका.

बोअरचं किंवा टँकरचं पाणी चालतं का?

बऱ्याचदा चालतं, गोल्डफिशला जड (हार्ड) पाणी मानवतं, काळ्या पाषाणाच्या आपल्या भागातलं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जडच असतं. फक्त जमिनीखालून आलेल्या ताज्या पाण्यात ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साईड जास्त असतो, म्हणून रात्रभर एअर स्टोन लावून मगच वापरा. एकदा नायट्रेट पण मोजून घ्या, शेतीच्या भागात बोअरमध्येच नायट्रेट असू शकतं आणि मग कितीही पाणी बदललं तरी ते उतरत नाही. टँकरचं पाणी दरवेळी वेगळ्या ठिकाणचं असतं, ते दरवेळी टेस्ट करा, आणि क्लोरीन आहेच असं धरून अँटीक्लोरीन घाला.

मग आरओचं पाणी सगळ्यात शुद्ध, तेच घालू ना?

नको. आरओमध्ये क्षार जवळपास निघून जातात, आणि पाण्याचा पीएच धरून ठेवणारे बायकार्बोनेटही त्यातच जातात. बॅक्टेरिया अमोनिया खाताना आम्ल तयार करतात, ते शोषायला पाण्यात काही नसलं की पीएच एका रात्रीत धाडकन खाली येतो आणि सहाच्या आसपास गेला की बॅक्टेरियाचं कामही थंडावतं. साधं नळाचं पाणी आरओपेक्षा कितीतरी बरं.

पीएच किती हवा?

७ ते ८.४ मध्ये कुठेही, पण स्थिर. पीएच वाढवायच्या-उतरवायच्या बाटल्या घेऊ नका, रोज वरखाली होणारा पीएच माशाला जास्त त्रास देतो. पण अमोनियाचा आकडा वाचताना पीएच बघावाच लागतो. किट एकूण अमोनिया दाखवतं, त्यातला थोडाच भाग विषारी रूपात असतो, २५ अंशाला पीएच ७ असेल तर एक टक्क्याहूनही कमी, पीएच ८ झाला की पाच टक्क्यांच्या वर. म्हणजे तोच १ पीपीएम एका घरात मासा सहन करतो आणि दुसऱ्या घरात त्याने मासा जातो.

"पाणी बदललं आणि तासाभरात मासे गेले" हे जे ऐकू येतं, त्यात क्लोरीन नसेल तर बहुतेक हेच असतं. महिनोन्महिने न बदललेल्या टँकचा पीएच खाली आलेला असतो, अमोनिया भरपूर साठलेला असतो पण विषारी रूपात नसतो, मग एके दिवशी कोणीतरी उत्साहाने बोअरचं ८ पीएचचं पाणी भरपूर ओततं आणि साठलेला अमोनिया क्षणात विषारी होतो. असा जुना दुर्लक्षित टँक हाती आला तर रोज दहा टक्के, असं हळूहळू करत आणा.

आम्ही दर रविवारी टँक पूर्ण रिकामा करून, रेती-फिल्टर सगळं घासूनपुसून धुतो. बरोबर ना?

हे सगळ्यात जास्त घरांमध्ये चालतं आणि सगळ्यात जास्त मासे यानेच जातात, म्हणून कळकळीने सांगतोय, थांबवा. दर रविवारी तुम्ही सगळे बॅक्टेरिया नळाखाली वाहून टाकता आणि सोमवारी टँक परत पहिल्या दिवसावर येतो. वर मासा बादलीत, मग परत नव्या पाण्यात, हा धक्का वेगळाच.

आठवड्याला २५ ते ३० टक्के पाणी, सायफनने रेतीवरचा गाळ ओढत काढायचं, तेवढंच क्लोरीन काढलेलं पाणी हळू भरायचं. फिल्टरचा स्पंज महिन्यातून एकदा, टँकमधून काढलेल्या त्याच पाण्याच्या बादलीत दोन-चार वेळा पिळायचा, बस्स. तो तपकिरीच दिसणार, दिसू दे. साबण, ब्लीच कशालाच लावू नका. स्पंज फाटेपर्यंत बदलायचा नाही, आणि बदलायची वेळ आलीच तर नवा स्पंज महिनाभर जुन्यासोबत चालवून मग जुना काढा.

पाणी दुधाळ झालंय / हिरवं झालंय / वर फेस येतोय.

दुधाळ असेल आणि टँक नवीन असेल तर पाण्यात तरंगणारे वेगळे बॅक्टेरिया वाढलेत, दाणे कमी करा, बसतं आपोआप. तुरटी फिरवू नका, त्याने पाण्याची पीएच सांभाळायची ताकद कमी होते. हिरवं म्हणजे शेवाळ, खिडकीतलं ऊन बंद करा आणि दिवा सहा-सात तासच लावा, माशाला त्याचा त्रास नसतो. फेस टिकून राहत असेल तर पाण्यात सडणारं काहीतरी जास्त झालंय, पाणी बदला.

दुकानदाराने निळं औषध दिलंय, रोज दोन थेंब टाकायला सांगितलंय.

ते बहुतेक मेथिलीन ब्लू असतं. बुरशीवर, अंड्यांवर त्याचा उपयोग आहे, पण वेगळ्या टबात. मुख्य टँकमध्ये रोज टाकलं तर फिल्टरमधल्या बॅक्टेरियाला मारक ठरतं आणि आपण ज्यासाठी सहा आठवडे थांबलोय तेच जातं. मासा आजारी नसताना कुठलंच औषध नको.

आणि मीठ?

रोजच्या वापराला गरज नाही. पण नायट्राईट चढलेलं असताना मीठ खरंच जीव वाचवतं, मिठातलं क्लोराईड कल्ल्यांमधून नायट्राईट आत शिरू देत नाही. लिटरला १ ग्रॅम, काही न मिसळलेलं साधं मीठ, बादलीत विरघळवून, दिवसभरात दोन-तीन वेळा करून घाला. मीठ वाफेने उडत नाही, त्यामुळे पाणी आटलं म्हणून भरताना परत मीठ घालायचं नाही, जेवढं पाणी बदललं तेवढ्यापुरतंच. झाडं असतील तर काही कोमेजतील.

उन्हाळ्यात काय करायचं? आमच्याकडे नागपूरला पंचेचाळीस जातं.

गोल्डफिश गार पाण्याचा मासा, १८ ते २४ अंश त्याला आवडतं. तीसच्या वर दोन अडचणी एकदम येतात, पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो (२० अंशाला लिटरमागे ९ मिलिग्रॅम, ३० ला साडेसात) आणि अमोनियाचा विषारी भाग वाढतो. दुसरा एअर स्टोन लावा, झाकण काढून जाळी ठेवा, वरून छोटा पंखा पाण्यावर मारा, कोरड्या हवेत याने दोन-तीन अंश सहज उतरतात. किनारपट्टीला दमट हवेत फरक कमी पडतो. दाणे सकाळीच, कमी. बर्फाचे खडे धडाधड टाकू नका. आणि गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी चटका बसेल इतकं तापलेलं असतं, पाणी पहाटे भरून घरात ठेवायचं.

लाईट गेली की?

तास-दोन तास काही होत नाही. चार-पाच तास जाणार असेल तर बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात हवाच, किंवा इन्व्हर्टरवर एअर पंप घ्या, फार कमी वॅट लागतात. काहीच नसेल तर मगाने पाणी उचलून वरून ओतत राहा, दर थोड्या वेळाने. बंद डब्याचा फिल्टर बराच वेळ बंद राहिला तर आतलं पाणी सडतं, लाईट आल्यावर तसाच चालू न करता आतलं पाणी आधी फेकून द्या.

दाणे किती? आणि गणपतीला आठ दिवस गावी जातोय, तेव्हा?

दिवसातून एक-दोनदा, दीड-दोन मिनिटात संपेल एवढेच. गोल्डफिशला पोटाची पिशवी नसते, तो सारखं मागतच राहतो, त्याच्या मागण्यावर जाऊ नका. मोठ्या निरोगी माशाला आठ दिवस उपास सहज चालतो. जाण्याच्या आदल्या दिवशी पाणी बदला आणि निघा. शेजारच्यांना किल्ली देऊन "थोडं टाका" सांगितलं की त्यांचं थोडं म्हणजे मूठभर होतं, आणि ते पाण्यातच कुजतं. द्यायचेच असतील तर एकेका वेळेच्या पुड्या बांधून द्या, डबा कपाटात.

सकर मासा ठेवला तर टँक साफ राहील ना?

नाही. सकर पण खातो आणि घाण करतो, फूटभराहून मोठा होतो, आणि रात्री गोल्डफिशच्या अंगाला चिकटून त्याचा चिकट थर खरवडतो. मग नको झाला की लोक नदीत सोडतात. उजनीत मच्छीमारांच्या जाळ्यात हेच सकर येऊन जाळी फाटतात. गोल्डफिशसुद्धा कधी नदी-तळ्यात सोडू नका, दुकानात परत द्या किंवा कोणाला तरी द्या.

मासा वर येऊन तोंड उघडझाप करतोय, आत्ता लगेच काय करू?

आधी एअर पंप फुल. नुकतंच पाणी बदललं असेल तर क्लोरीन धरा आणि पूर्ण टँकच्या हिशोबाने अँटीक्लोरीन लगेच घाला. नाहीतर अमोनिया, नायट्राईट आणि पीएच मोजा, आणि टँक वर सांगितला तसा जुना दुर्लक्षित नसेल तर ४०-५० टक्के पाणी बदला, त्याच तापमानाचं. नायट्राईट असेल तर मीठ. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी खाणं बंद. पंखांवर लाल रेषा असतील तर पाण्याचा त्रास आधीपासून चालू आहे. पाणी सुधारल्यावर काही दिवसांनी अंगावर काळे डाग दिसले तर दचकू नका, भाजलेली जागा भरताना बऱ्याचदा तसं होतं.

सायकल झाली. आता टेस्ट करणं सोडून देऊ?

रोजची सोडा. आठवड्याला पाणी बदलायच्या आधी नायट्रेट मोजा, २० च्या आसपास असेल तर छान, ४० च्या वर जात असेल तर पाणी जास्त बदला किंवा मासे टँकच्या मानाने जास्त झालेत. काही किटमध्ये नायट्रेटची दुसरी बाटली अर्धा मिनिट जोरात हलवावी लागते, नाही हलवली तर आकडा खोटा कमी येतो. नवीन मासा आणला, औषध वापरलं, फिल्टर बरेच तास बंद पडला, यातलं काहीही झालं तर आठवडाभर परत रोज अमोनिया-नायट्राईट. आणि किटवरची एक्सपायरी बघत जा.